टाकून दिलेले जुने वॉशिंग मशीन वाचवणे आणि स्वच्छ करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर रिकामे करताना, गोदाम आवरताना किंवा भंगाराच्या ढिगात सापडलेले जुने वॉशिंग मशीन पुन्हा उभे करू पाहणाऱ्या वाचकांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे क्रमाने घेतले आहेत. हा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. आधी यंत्राची ओळख, मग सफाई आणि सर्वांत शेवटी वीज, हा पायंडा मोडल्यामुळे जितकी चांगली यंत्रे वाया गेलेली मी पाहिली आहेत, तितकी गंजामुळे गेलेली पाहिलेली नाहीत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे सविस्तर आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जपण्याजोगे जुने मशीन नेमके कशाला म्हणायचे?

वर्षांची पक्की मर्यादा कोणी घालून दिलेली नाही. कामापुरती सोपी खूण अशी, की ज्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक बोर्ड नाही आणि सगळा कारभार स्विच, लिव्हर किंवा यांत्रिक टायमरवर चालतो, ते या पानाच्या कक्षेत येते. अशी यंत्रे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार पायांवर उभ्या असलेल्या गोल टबाचा, ज्याच्या माथ्यावर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ बसवलेले असतात. अमेरिकेतील मेटॅग कंपनीने १९०७ मध्ये धुलाई यंत्रे बनवायला सुरुवात केली आणि रुळांचे यंत्र ती १९८३ पर्यंत बनवत राहिली. त्यामुळे असे यंत्र दिसते तितके जुने असेलच असे नाही. दुसरा प्रकार जोडटबाचा, म्हणजे एका टबात धुवायचे आणि शेजारच्या टबात पाणी झटकायचे. ब्रिटनमध्ये गाजलेले हूवरमॅटिक १९५७ मध्ये आले. तिसरा प्रकार सुरुवातीच्या स्वयंचलित यंत्रांचा. समोरून दार असलेले बेंडिक्सचे घरगुती स्वयंचलित यंत्र १९३७ मध्ये बाजारात आले आणि त्याला हादरे शोषून घेणारी रचना नसल्याने ते जमिनीला बोल्टने जखडावे लागे. आपल्या हाती आलेले यंत्र यांपैकी कोणते आहे, हे ठरल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

२. टाकून दिलेले मशीन दिसले. उचलण्यापूर्वी काय पाहावे?

ते खरोखर टाकून दिलेले आहे का, हे आधी मालकाला किंवा जागेच्या व्यवस्थापकाला विचारावे. दाराबाहेर ठेवलेली प्रत्येक वस्तू टाकलेलीच असते असे नाही, आणि नुसते विचारल्याने बहुधा यंत्राचा इतिहासही कळतो : ते केव्हा बंद पडले, चालू असतानाच हलवले का, पावसात किती दिवस होते. ही माहिती पुढे तासन्‌तासांची शोधाशोध वाचवते.

मग बॅटरी घेऊन टबाच्या तळाशी पाहावे. पृष्ठभागावरचा गंज चालतो. पत्र्याला आरपार भोक असेल, किंवा अंगठ्याने दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर गंभीर विचार करावा. टबातील पंखा, म्हणजे अ‍ॅजिटेटर किंवा पल्सेटर, हाताने थोडा हलतो का ते पाहावे. न हलणे हा दोष लगेच मानू नये, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेले साबण आणि गंज त्याला धरून ठेवतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काय गायब आहे ते पाहणे. मोटर, बेल्ट आणि होज बदलता येतात. पण झाकण, रुळांची चौकट, बेकेलाइटचा (म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचा) अ‍ॅजिटेटर आणि नावाची पाटी पुन्हा मिळवणे फार अवघड असते. पाटीवरचा मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, व्होल्ट आणि हर्ट्‌झ यांचा फोटो तिथेच घ्यावा, कारण ने-आण करताना सैल झालेल्या पाट्या हरवतात.

३. घरी आणताना मशीन आडवे झोपवले तर चालेल का?

शक्य तोवर नाही. गिअरबॉक्समधील तेल सुकलेल्या सीलमधून बाहेर येते आणि टबात साचलेले घाण पाणी मोटरवर ओघळते. निघण्यापूर्वी ड्रेन पाइप खाली सोडून पाणी काढावे, झाकण आणि सुटे भाग वेगळे बांधावेत, आणि समोरून दार असलेल्या यंत्राचा ड्रम हलणार नाही अशा रीतीने आत गादीचे तुकडे ठासावेत. या यंत्रांत वजनासाठी काँक्रीट किंवा बिडाचे ठोकळे असतात, त्यामुळे दोन माणसे आणि चाकांची हातगाडी ही किमान तयारी समजावी. रुळांच्या यंत्राला रुळांच्या चौकटीला धरून कधीही उचलू नये. ती चौकट फिरण्यासाठी बनवलेली असते, भार पेलण्यासाठी नाही.

४. घरी आणल्याबरोबर प्लग लावून चालते का, ते पाहावे का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुतेकदा प्लग लावून झाल्यावर येतो. पडून राहिलेल्या यंत्राच्या मोटरची वेटोळी ओलावा शोषून घेतात, रबरी आवरणाच्या तारा कडक होऊन भेगाळतात, आणि उंदरांनी कुरतडलेली एखादी तार बाहेरच्या पत्र्याला टेकलेली असते. अशा वेळी वीज दिली तर पत्र्यावर विद्युतदाब येऊ शकतो आणि माणूस दगावू शकतो. नशिबाने तसे झाले नाही, तरी जाम झालेली मोटर अर्ध्या मिनिटात जळू शकते. वीज देण्याची रीत प्रश्न १२ आणि १३ मध्ये दिली आहे. तोपर्यंत प्लगच्या पिनांना टेप गुंडाळून ठेवावा, म्हणजे घरातले दुसरे कोणी उत्साहाने तो लावणार नाही.

५. सफाई कुठून सुरू करावी?

उघड्यावर आणि ओलसर पद्धतीने. बंद यंत्राच्या तळाशी उंदरांची घरटी आणि लेंड्या सापडणे नेहमीचे आहे. त्या कोरड्या झाडल्या की त्यांची धूळ श्वासात जाते आणि काही गंभीर रोग याच मार्गाने पसरतात. हातमोजे आणि मास्क घालून त्या भागावर पातळ केलेले ब्लीच फवारावे, काही मिनिटे थांबून कागदाने टिपावे आणि कागद पिशवीत बंद करावा. हे झाल्यावर ती जागा साध्या पाण्याने नीट पुसावी, कारण पुढे सायट्रिक अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर वापरायचे असेल आणि ब्लीच शिल्लक असेल, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

त्यानंतर मागचा पत्रा काढावा आणि कशालाही हात लावण्यापूर्वी प्रत्येक तारेचा, बेल्टचा आणि स्प्रिंगचा फोटो घ्यावा. मोटर, स्विच आणि टायमर यांवर पाण्याचा फवारा मारू नये. ते भाग ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने साफ करावेत. स्क्रू काढताना प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवून डबीवर नाव लिहावे. हे क्षुल्लक वाटते. परंतु महिनाभराने एका डबीत पंधरा वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू घेऊन बसल्यावर त्याचे मोल समजते.

६. टब कशाचा आहे हे कसे ओळखावे आणि त्याला काय चालते?

या एका प्रश्नावर निम्मी सफाई अवलंबून आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जुन्या टबांत प्रामुख्याने चार प्रकार आढळतात : एनॅमल चढवलेले पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. लोहचुंबक लावावा. चुंबक घट्ट चिकटला आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, पांढरा किंवा ठिपकेदार असेल, तर ते एनॅमल. चुंबक चिकटला आणि पृष्ठभाग करडा, स्फटिकांच्या नक्षीसारखा दिसला, तर तो जस्ताचा मुलामा. चुंबक चिकटलाच नाही, धातू मऊ आणि फिकट करडा असेल, तर अ‍ॅल्युमिनियम. स्टेनलेस स्टीलच्या काही जाती चुंबकाला चिकटतात आणि काही चिकटत नाहीत, म्हणून ते चकाकी आणि कठीणपणा यांवरून ओळखावे.

एनॅमल म्हणजे पोलादावर सुमारे ८०० अंश सेल्सियसला वितळवून बसवलेली काच. त्याला साबण, कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा चालतो. तारेची घासणी आणि वाळूची पावडर चालत नाही, कारण एकदा चकाकी गेली की प्रत्येक धुण्यात मळ तिथेच धरतो. आम्ल थोडा वेळ चालते, रात्रभर चालत नाही; जुन्या एनॅमलच्या काही जाती आम्लाने कायमच्या निस्तेज होतात.

अ‍ॅल्युमिनियमचे नेमके उलटे आहे. धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा आणि ब्लीच यांपासून ते कटाक्षाने दूर ठेवावे. एका अ‍ॅल्युमिनियमच्या टबात मी एनॅमलच्या सवयीने गरम पाण्यात सोडा घालून ठेवला होता. पाच मिनिटांत तळाशी बारीक बुडबुडे उठू लागले, पाणी करडे झाले आणि ओतून पाहिले तेव्हा इतकी वर्षे टिकलेला फिकट रुपेरी टब जळक्या तव्यासारखा काळा पडला होता. बुडबुडे हायड्रोजनचे होते. सोडा धातूच खात होता. पातळ व्हिनेगरने चोळून रंग बराचसा परत आला, पण पाण्याच्या पातळीची रेघ आजही दिसते. अ‍ॅल्युमिनियमला सौम्य भांडी धुण्याचा साबण, नायलॉनचा ब्रश आणि डाग असतील तिथे पातळ व्हिनेगर, एवढेच वापरावे.

स्टेनलेस स्टीलला सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड दोन्ही चालतात; ब्लीच मात्र साचू देऊ नये, त्याने सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. जस्ताच्या मुलाम्याला आम्ल मुळीच लावू नये, कारण आम्ल गंजाआधी जस्त विरघळवते आणि खालचा पत्रा उघडा पाडते.

७. टबात खडूसारखा पांढरा थर बसला आहे. तो कसा काढावा?

तो कठीण पाण्यातील चुन्याचा थर असतो. एनॅमल किंवा स्टेनलेस स्टील असल्याची खात्री करून (प्रश्न ६) एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवावे, कापड भिजवून थरावर ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी घासून धुवावे. गरज पडल्यास पुन्हा करावे. एकदाच तासन्‌तास भिजत ठेवण्यापेक्षा थोड्या वेळाच्या चार फेऱ्या सुरक्षित असतात. पाणी उकळते घेऊ नये. सायट्रिक अ‍ॅसिड आणि चुना यांपासून बनणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते आणि काढायला आलेल्या थराच्या जागी दुसराच थर बसतो.

८. सगळे घासले, तरी कुबट वास जात नाही. का?

कारण वासाचे मूळ जिथे हात पोहोचत नाही तिथे असते. वरून लखलखीत दिसणाऱ्या एका जोडटबाचा पल्सेटर मी काढला, तेव्हा त्याच्या पाठीला बोटभर जाडीचा करडा, चरबीसारखा मऊ थर होता. चाकूने कापल्यावर त्यात झाडाच्या वाढीच्या कड्यांसारखे पदर दिसले : निळसर, पांढरा, पुन्हा निळसर, जणू घरात बदललेल्या साबणांचीच नोंद. त्या थरात दोन शर्टाची बटणे, एक हूक, केसांची पिन आणि सुताचा वळलेला गुंता होता. साबणातील चरबी आणि कपड्यांवरचे तंतू मिळून हा थर बनतो, आणि जिवाणू त्यावरच जगतात.

म्हणून पंखा काढणे टाळता येत नाही (निघत नसेल तर प्रश्न ९). थर प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडावा आणि उरलेला गरम पाणी व साबणाने धुवावा. जोडटबात धुण्याच्या आणि पिळण्याच्या टबांना जोडणारी नळी, ड्रेनचा व्हॉल्व्ह आणि ओसंडते पाणी नेणारी उभी नळी ही तीन ठिकाणे हमखास विसरली जातात. समोरून दार असलेल्या यंत्रात दाराच्या रबरी गास्केटची खालची घडी उलटून पुसावी आणि पंपाची जाळी उघडावी. रबरात खोल मुरलेले काळे डाग राहिले तरी वास गेला असेल, तर काम झाले असे समजावे. डागांमागे लागून रबर जाळू नये.

९. अ‍ॅजिटेटर निघता निघत नाही. हातोडी चालवावी का?

हातोडी कधीही नाही. जुने अ‍ॅजिटेटर बहुधा बेकेलाइटचे असतात आणि बेकेलाइट वाकत नाही, सरळ तडकते. आधी वरची टोपी किंवा स्क्रू खरोखर काढला आहे का, हे पाहावे; काही यंत्रांत तो टोपीच्या आत दडलेला असतो. मग टबात अ‍ॅजिटेटर बुडेल इतके कडक गरम पाणी भरून अर्धा तास ठेवावे. साबणाचा थर मऊ होतो आणि अ‍ॅजिटेटर धातूच्या दांड्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो. पाणी काढून त्याच्या बुडाखालून जाड दोरी दोन्ही बाजूंनी घालावी आणि सरळ वर, झटका न देता, आळीपाळीने ओढावे. दांड्याच्या खाचांत गंजविरोधी भेदक तेल सोडून रात्रभर थांबणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम पाणी भरणे, हे तीन-चार वेळा करावे लागू शकते. मला एकदा नऊ दिवस लागले होते, आणि अ‍ॅजिटेटर अखंड निघाला.

१०. गंज आणि एनॅमलचे उडालेले टवके यांचे काय करावे?

सुटे पोलादी भाग, म्हणजे बोल्ट, कंस, स्प्रिंग-हूक, प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणात काही तास भिजवावेत, ब्रशने घासून लगेच वाळवावेत आणि तेलाचा हात द्यावा. ओले सोडले तर तासाभरात नवा नारिंगी गंज धरतो. ताण घेणाऱ्या स्प्रिंग मात्र आम्लात बुडवू नयेत, कारण कठीण पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकते. त्या हाताने घासाव्यात.

क्रोमच्या भागांवरचे गंजाचे ठिपके अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळल्यास निघतात.

एनॅमल पुन्हा भाजून बसवणे घरी शक्य नाही. टवका उडालेल्या जागेचा गंज काढून, ती जागा पूर्ण कोरडी करून दोन भागांचे इपॉक्सी पातळ थरांत भरावे आणि ते पूर्ण कडक होईपर्यंत पाणी लावू नये. ही दुरुस्ती कायमची नसते. टबाच्या आत ती दरवर्षी तपासावी, कारण कडेने सुटलेल्या इपॉक्सीखाली गंज लपतो आणि त्याचे तपकिरी डाग थेट कपड्यांवर उठतात.

११. बाहेरचा जुना रंग घासून नवा द्यावा का?

माझे स्पष्ट मत असे, की मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी तो राखावा. सौम्य साबणाने धुऊन, रबिंग कंपाउंडचा हलका हात देऊन मेण लावले, तर खडूसारखा पांढुरका झालेला रंगही बराच खुलतो. नव्या रंगाखाली कारखान्यातली नक्षी आणि अक्षरे गेली की ती कायमची जातात.

घासायचेच असेल, तर जुन्या रंगात शिसे असू शकते हे लक्षात ठेवून कोरडे कधीही घासू नये. पॉलिश पेपर ओला ठेवावा, मास्क घालावा आणि निघालेला गाळ गोळा करून वेगळा टाकावा. पाणी तापवणाऱ्या जुन्या यंत्रांत हीटरभोवतीचे गास्केट किंवा उष्णतारोधक पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असण्याचा संभव असतो. करडी-पांढरी तंतुमय पट्टी दिसली, तर ती खरवडू, तोडू किंवा फुंकू नये. पाण्याने ओली करून तसेच थांबावे आणि ते काम जाणकाराकडे सोपवावे.

१२. कपॅसिटर, तारा आणि अर्थिंग यांची तपासणी कशी करावी?

कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा, विद्युतभार साठवणारा डबीसारखा भाग, प्लग काढल्यावरही भारित राहू शकतो. त्याच्या दोन टोकांमध्ये १० ते २० किलोओहम, ५ वॉटचा रोधक इन्सुलेटेड चिमट्यांनी काही सेकंद धरावा आणि मल्टिमीटरवर शून्य व्होल्ट आल्याची खात्री करावी. पेचकस टेकवून ठिणगी पाडण्याची सवय सोडावी. त्याने कपॅसिटर आणि डोळे दोन्ही धोक्यात येतात. फुगलेला, तेलकट किंवा मापात न बसणारा कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा बसवावा. जुन्या धातूच्या डब्यातील कपॅसिटरच्या तेलात पीसीबी नावाचे विषारी रसायन असू शकते. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. अशा गळक्या कपॅसिटरला उघड्या हाताने स्पर्श करू नये, आणि तो घातक कचऱ्यातच द्यावा.

तार हळूच वाकवून पाहावी. रबराचे आवरण तडकले किंवा त्याची भुकटी झाली, तर ती एक तार नव्हे, सगळ्याच तारा बदलाव्यात. प्लगची केबल दोन तारांची असेल, तर तीन तारांची घालून पत्र्याला भक्कम अर्थिंग द्यावे. हे करण्याआधी स्विच किंवा कपॅसिटरचे एखादे टोक मुद्दामच पत्र्याला जोडलेले नाही ना, हे फोटो आणि आकृती पाहून तपासावे. शेवटी कपॅसिटर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तारा आणि पत्रा यांमधील रोध मोजावा. तो किमान १ मेगोहम असावा. कमी आला तर मोटर जळालीच असे नाही. कोरड्या, उबदार, हवा खेळत्या जागी दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा मोजावे. ओलाव्याचा दोष असेल तर आकडा वाढत जातो, आवरणाचाच दोष असेल तर तो जागचा हलत नाही. ही कामे सवयीची नसतील, तर येथे इलेक्ट्रिशियनची मदत घ्यावी.

१३. मग पहिल्यांदा वीज कशी द्यावी?

बेल्ट काढून ठेवावा, ३० मिलिअँपिअरच्या गळती-रक्षक स्विचमधूनच जोडणी घ्यावी आणि सिरीज बोर्डवर (म्हणजे यंत्राकडे जाणारी वीज एका बल्बमधून नेणाऱ्या जोडणीवर) ६० ते १०० वॉटचा तंतूचा बल्ब लावावा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. यंत्राचे सगळे स्विच बंद असताना बल्ब लागला, तर तारांत किंवा स्विचमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तिथेच थांबावे. मोटरचा स्विच चालू केल्यावर बल्ब चांगलाच पेटतो आणि मोटर नुसती गुणगुणते. हा दोष नव्हे, बल्ब तिला पुरेसा प्रवाह मिळू देत नाही एवढाच त्याचा अर्थ. एवढे निर्विघ्न पार पडले, तर बल्ब काढून मोटर काही सेकंद मोकळी फिरवावी, मग बेल्टसह रिकामी, आणि त्यानंतरच पाण्यासह.

१४. बल्ब काढला, तरीही मोटर गुणगुणते आणि फिरत नाही.

लगेच बंद करावे. प्लग काढून मोटरची पुली हाताने फिरवावी. जड फिरत असेल, तर दोष बेअरिंगमध्ये आहे. जुन्या मोटरमध्ये बहुधा पितळी बुश आणि त्याभोवती तेल धरून ठेवणारी नमद्याची चकती असते. तिला पातळ मशीन ऑइलचे काही थेंब देऊन एक दिवस मुरू द्यावे. भेदक तेलाचा फवारा वंगण म्हणून वापरू नये, कारण तो लवकर उडून जातो आणि राहिलेले तेलही धुऊन काढतो. पुली हलकी फिरत असेल, तर कपॅसिटर (प्रश्न १२) किंवा सुरुवातीच्या वेटोळ्याचा केंद्रोत्सारी स्विच (मोटरने वेग घेतला की ते वेटोळे आपोआप तोडणारा) संशयित आहे. या स्विचचे काळवंडलेले संपर्कबिंदू अतिबारीक पॉलिश पेपरने एकदोन वेळा हलके पुसले, तरी बरेचदा पुरते.

१५. तळाशी तेल साचते आणि फिरताना घरघर येते. हे एकाच दोषाचे लक्षण आहे का?

बहुधा नाही. तेल गिअरबॉक्समधून येते. ते दुधट दिसले, तर सीलमधून पाणी आत गेले आहे. अशा वेळी नुसते तेल बदलून उपयोग नसतो, सील बदलून मगच त्या यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचे तेल भरावे. घरघर मात्र बॉल बेअरिंगची असते आणि ती वेगाबरोबर वाढते. दिलासा असा, की बेअरिंग प्रमाणित मापाची असतात. कडेवर ६२०४ असे कोरलेले असेल, तर आतील व्यास २० मिलिमीटर, बाहेरील ४७ आणि जाडी १४, मग ते यंत्र कोणत्याही कंपनीचे आणि कोणत्याही दशकातले असो. सीलवरही बहुधा मापे छापलेली असतात. बेअरिंग बदलताना सील नवे घालावेच, कारण जुन्या सीलमधून झिरपलेल्या पाण्यानेच ते बेअरिंग मेलेले असते.

१६. पिळण्याचे रबरी रूळ कडक आणि चकचकीत झाले आहेत.

साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत आणि बारीक पॉलिश पेपर रुळाभोवती गोल फिरवून वरची कडक साय काढावी. पेट्रोल किंवा थिनर रबर फुगवतो. रूळ एका बाजूने चपटे झाले असतील, तर ते दाब न सोडता ठेवल्यामुळे असते. यापुढे प्रत्येक वापरानंतर दाबाचा स्क्रू सैल करावा.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. रूळ बोटे, केस आणि बाही आत ओढतात आणि हात कोपरापर्यंत जाऊ शकतो. आणीबाणीची पट्टी दाबल्यावर रूळ तत्काळ विलग होतात की नाही, हे आधी वीज बंद ठेवून आणि मग जुने फडके घालून तपासावे. पट्टी काम करत नसेल, तर बाकी यंत्र कितीही सुंदर झालेले असले तरी रूळ वापरू नयेत. जोडटबाच्या पिळण्याच्या टबालाही हाच नियम लावावा : झाकण उघडल्यावर ब्रेक लागून टब काही सेकंदांत थांबलाच पाहिजे.

१७. टायमर मधेच अडकतो. तेल घालावे का?

संपर्कबिंदूंवर तेल घालू नये. ते जळून काजळी धरते. विजेच्या संपर्कांसाठीचा क्लीनर मारून, प्लग काढलेल्या स्थितीत टायमर त्याच्या ठरलेल्या दिशेनेच वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवावा. उलट फिरवल्यास आतील दाते तुटू शकतात.

१८. मशीन दुसऱ्या देशातले, १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचे आहे. ट्रान्सफॉर्मर लावला की झाले का?

तेवढ्याने होत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ बदलत नाही. ५० हर्ट्‌झवर मोटर सुमारे एक षष्ठांश कमी वेगाने फिरते, दहा मिनिटांचा विजेचा टायमर बारा मिनिटे घेतो, आणि पूर्ण १२० व्होल्ट दिल्यास मोटरचा गाभा संपृक्त होऊन ती तापते. व्होल्ट आणि हर्ट्‌झ यांचे गुणोत्तर तेच राहावे म्हणून अशा मोटरला ५० हर्ट्‌झवर सुमारे १०० व्होल्ट द्यावेत आणि तापमानावर लक्ष ठेवावे. उलट प्रकारात, म्हणजे ५० हर्ट्‌झचे यंत्र ६० हर्ट्‌झवर चालवताना, पिळण्याचा टब एक पंचमांश जास्त वेगाने फिरतो. तो त्या वेगासाठी बनवलेला नसतो, म्हणून ते करू नये.

१९. नीट झालेले मशीन रोजच्या धुण्याला वापरता येईल का?

येईल, पण ते चालू असताना माणूस जवळ असावा. पहिली दोन-तीन धुणी जुन्या फडक्यांची करावीत आणि प्रत्येक वेळी पाणी पांढऱ्या भांड्यात घेऊन पाहावे. त्यात करडे कण, तेलाचा तवंग किंवा गंजाची छटा असेपर्यंत चांगले कपडे घालू नयेत. पाणी आणणारे जुने रबरी होज शाबूत दिसले तरी नवे घ्यावेत. समोरून दार असलेल्या यंत्रात कमी फेसाची पावडर वापरावी. वापर झाल्यावर झाकण उघडे ठेवावे.

२०. सगळे करूनही मशीन वाचण्यासारखे नसेल तर?

टबाचा तळ आरपार गेला असेल, मुख्य चौकट मोडली असेल किंवा गिअरबॉक्सचे बीड तडकले असेल, तर मी ते यंत्र दुसऱ्या यंत्रासाठी दाता मानतो. अ‍ॅजिटेटर, झाकण, बटणे, नावाची पाटी, टायमर, चालू मोटर, रूळ आणि न गंजलेले खास आकाराचे स्क्रू काढून, वाळवून, मॉडेल क्रमांकासह बांधून ठेवावेत. यांतला एखादा भाग कोणीतरी कित्येक महिने शोधत असतो. कपॅसिटर वेगळा काढून प्रश्न १२ प्रमाणे द्यावा, गिअरबॉक्समधील तेल बाटलीत काढावे, आणि उरलेला सांगाडा भंगारात देण्यापूर्वी दार किंवा झाकण बिजागरीसकट काढून टाकावे, म्हणजे एखादे लहान मूल खेळता खेळता आत शिरून अडकणार नाही.